भाव चढले की दरवेळी पावसाकडेच बोट का?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातल्या बाजारभावाच्या बातम्या मी रोज वाचतो. नोकरीच तशी आहे, मार्केट यार्डात भुसार विभागात एका गाळ्यावर दिवाणजी आहे, आवक किती झाली, माल कुठून आला, काय भावाने गेला हे लिहिण्यातच दिवस जातो. भाव चढले की बातमी ठरलेली असते, पाऊस कमी पडला किंवा जास्त पडला किंवा अवकाळी झाला, आणि मग गृहिणींचं बजेट कोलमडलं. भाव पडले तर आवक वाढली एवढंच. यात खोटं काहीच नाही पण हे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं माणसांनी केलेलं असतं, सही-शिक्क्यानिशी, तारखेसकट केलेलं असतं, आणि ते मात्र आतल्या पानावर चार ओळीत येतं नाहीतर येतच नाही. मला हे खूप दिवस खटकतंय म्हणून आज लिहायला बसलो, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

निसर्ग नाकारून कसं चालेल. आपला पुणे जिल्हाच बघा ना, ताम्हिणीत धो धो कोसळत असतं आणि त्याच दिवशी इंदापूरकडे माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, पुढे कोरडंच. म्हणून मावळ-मुळशीत भात आणि पूर्वेकडे ज्वारी-बाजरी, हे काही कुठल्या सरकारने ठरवलेलं नाही. पण मग त्याच इंदापुरात आज ऊस कशावर उभा आहे? खडकवासल्याचं धरण इंग्रजांच्या काळात १८७९ मध्ये झालं, आज कालव्याचं पाणी पार इंदापूरपर्यंत जातं आणि दर उन्हाळ्यात आवर्तन कधी सोडायचं, शहराला किती राखून ठेवायचं यावर बैठका होतात, भांडणं होतात. पाऊस कुठे पडणार ते सह्याद्रीने ठरवलं, पाणी कुणाच्या शेतात जाणार ते बैठकीत ठरलं. जगातही हेच चालतं, फक्त बैठका मोठ्या असतात आणि आपल्याला त्यांचा पत्ता नसतो.

पावसाचं गणित तर पुण्याला सगळ्यात आधी कळायला पाहिजे. शिवाजीनगरला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो ते हवामान खातं, १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं म्हणून ते नाव पडलं. त्याआधी १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती या खात्याचा प्रमुख झाला होता. १८९९ ला पाऊस दगा देऊन गेला होता, मोठा दुष्काळ पडला होता, तर मान्सूनचा अंदाज आधी बांधता येईल का म्हणून त्याने जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि त्यातून कळलं की प्रशांत महासागराकडे दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, इकडे चढला की तिकडे उतरतो, आणि आपल्या पावसाचं त्याच्याशी नातं आहे. आज टीव्हीवर एल निनो एल निनो चाललेलं असतं ना, त्याचंच हे दुसरं अंग. म्हणजे हजारो मैलांवरचा समुद्र तापला तर आपल्या तुरीला शेंगा कमी लागतात हे शंभर वर्षांपासून माहितीये. ऑगस्ट २०२३ आठवा, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो.

आता १९७२ घ्या. आमच्या आईच्या तोंडून बहात्तर साल मी इतकं ऐकलंय की मी स्वतः खडी फोडल्यासारखं वाटतं. रेशनवर लाल मिलो यायची, अमेरिकेतून आलेली ज्वारी, तिची भाकरी थापताना काठ फाटायचे, पाणी कितीही गरम घेतलं तरी पिठाला चिकटपणाच यायचा नाही, मग आई अर्धवट थापलेलीच तव्यावर टाकायची आणि पोरं ती दुधाशिवाय, तेलाशिवाय खायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची. हे महाराष्ट्राचं झालं. त्याच वर्षी तिकडे दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या किनाऱ्यावर एल निनोमुळे समुद्राचं पाणी तापलं, खालचं थंड पाणी वर येईना, त्या थंड पाण्यावर जगणारे अँकोव्ही नावाचे बारके मासे दिसेनासे झाले. पण नुसतं पाणी तापलं म्हणून एवढं झालं नाही, त्याच्या आधी काही वर्षं तिथल्या बोटी अंगात आल्यासारखी मासेमारी करत होत्या, १९७० मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास मासे काढले होते, ते १९७३ मध्ये वीस लाख टनांच्या आसपास आले. हे मासे माणसं फारसं खात नव्हती, ते वाळवून दळून युरोप-अमेरिकेत कोंबड्यांना आणि डुकरांना घालायचे. ते संपल्यावर पशुखाद्यवाले सोयाबीनच्या पेंडीकडे वळले, शिवाय रशियाने त्याच काळात अमेरिकेतून प्रचंड धान्य उचललं होतं, झालं, भाव गगनाला भिडले. मग जून १९७३ मध्ये अमेरिकेत निक्सन सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. जपानची पंचाईत झाली, त्यांचं तोफू, मिसो सगळं सोयाबीनचं आणि सोयाबीन जवळजवळ सगळं अमेरिकेचं. बंदी काही महिन्यांत उठली पण जपानने धडा घेतला, ब्राझीलमध्ये सेराडो म्हणून जे माळरान आहे तिथे पैसा आणि तंत्र ओतलं. तिथली माती आंबट, ॲसिडिक, पिकं येत नव्हती, चुना घालून घालून ती सुधारली, त्या हवेत येईल असं सोयाबीन तयार केलं, आणि आज सोयाबीनमध्ये ब्राझील जगात एक नंबर आहे.

आता लातूरला या. आमचे बरेच पाहुणे तिकडचे आहेत. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात सौदे त्याच्या बरेच खाली होत होते, पीक चांगलं आलं होतं, निसर्गाची काही तक्रार नव्हती. ब्राझीलचं पीक कसंय, शिकागोच्या वायदेबाजारात भाव काय, आपण बाहेरच्या तेलावर ड्युटी किती लावली यावर लातूरचा भाव हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरची मूळ ड्युटी शून्यावरून २० टक्के केली, ३० मे २०२५ ला परत १० टक्के केली, म्हणजे पेरणी अगदी तोंडावर असताना. ही तारीख लातूरच्या शेतकऱ्याला पावसाच्या तारखेइतकीच महत्त्वाची नाहीये का? मान्सून केरळात आला की तुम्ही पहिल्या पानावर फोटो छापता, छापाच, पण हेही तिथेच यायला पाहिजे असं मला वाटतं.

बहात्तरचं अजून एक सांगायचं राहिलं आणि ते मला सगळ्यात मोठं वाटतं. पीक बुडालं, जनावरं गेली, पण माणसं हजारा-लाखाने मेली नाहीत. का? कारण दुष्काळी कामं काढली, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती, हातात मजुरी पडत होती, त्यामुळे धान्य विकत घेता येत होतं. वि. स. पागे यांनी जी रोजगार हमीची कल्पना लावून धरली तिचा पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तीच उचलली. आता याच्या शेजारी १८७६-७८ चा दुष्काळ ठेवून बघा. तोही एल निनोचाच होता, हेच दख्खन, हीच काळी माती. पण तेव्हाच्या सरकारने बाजारात हात घालायचा नाही असं ठरवलेलं, देशात माणसं मरत असताना बंदरांतून गहू विलायतेला जात होता, आणि रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे असं ठरवलं, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, त्यावर दिवसभर खडी फोडायची. देशभर मिळून पन्नास लाखांच्या वर माणसं गेली. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा गावोगाव माणसं पाठवून माहिती जमवली, सरकारला कळवली, अर्ज केले. पाऊस दोन्ही वेळी फसला होता साहेब. एकदा माणसांनी मारलं आणि एकदा माणसांनी वाचवलं, मी तर याला दुसरं काही म्हणूच शकत नाही.

१९४३ चा बंगालही तसाच. आधी ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला वादळ झालं, पिकाचं नुकसान झालं, हे खरं. पण जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, मग मासेमारी गेली आणि माल हलवायचं साधनही गेलं, युद्धाच्या खर्चाने महागाई भडकली आणि साठेबाजांचं फावलं. अमर्त्य सेन यांनी नंतर आकडे मांडून दाखवलं की १९४३ मध्ये बंगालमध्ये तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता, आणि १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. वीस ते तीस लाख माणसं मेली. शेतमजूर, कोळी, नावाडी, ज्यांच्या खिशात पैसा नव्हता ती मेली.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०२२ आमच्या गाळ्यावर बसून पाहिलंय. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि आठवड्याच्या आत शेजारच्या तेलाच्या दुकानात सूर्यफुलाच्या १५ लिटरच्या डब्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक. फळ्यावर खडूने लिहायचे आणि पुसायचे, शेवटी लिहिणंच सोडून दिलं, विचारा आणि घ्या. सूर्यफुलाचं तेल आपल्याकडे बहुतेक युक्रेन आणि रशियातूनच येतं ना. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, २३ मे ला उठवली, पण तोवर वडापाववाल्यापासून फरसाणवाल्यापर्यंत सगळे गॅसवर. आणि त्याच वर्षी मार्च महिना १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च ठरला, पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा भरायच्या आधीच आळला. आम्ही मूठभर गहू तळहातावर घेऊन बघायचो, दाणा बारीक, सुरकुतलेला. १३ मे ला सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. म्हणजे बघा, ऊन निसर्गाचं, युद्ध माणसाचं, निर्यातबंदी माणसाची, आणि तिन्ही एकाच पोत्यात येऊन पडलं. त्यातलं ऊन तेवढं बातमीत ठळक येतं.

युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रात अडकलं होतं, जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला करार झाला, संयुक्त राष्ट्रं आणि तुर्की मध्ये पडले, त्यानंतर वर्षभरात सव्वातीन कोटी टनांच्या वर धान्य बाहेर पडलं, जुलै २०२३ मध्ये रशिया त्यातून निघून गेला. एका सहीने जहाजं सुटतात आणि एका सहीने अडकतात.

आणि आपणही काही नुसतेच सोसणारे नाही, हे पण लिहायला पाहिजे. जगात जेवढा तांदूळ देशोदेशी विकला जातो त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास आपला असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण कणीची निर्यात बंद केली, २० जुलै २०२३ ला बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची बंद केली. इथे भाव आवरावेत म्हणून केलं, इथल्या गरिबाचा विचार केला, ते समजू शकतं. पण तिकडे पश्चिम आफ्रिकेत सेनेगलला लोक रोजच्या जेवणात कणीच शिजवतात, त्यांनी काय करायचं? आशियातले तांदळाचे भाव तेव्हा जवळपास पंधरा वर्षांतल्या सगळ्यात वरच्या पातळीला गेले. इंडोनेशियाने तेल थांबवल्यावर आपल्याला जसं वाटलं तसंच त्यांना वाटलं असणार. पांढऱ्या तांदळावरची बंदी २०२४ च्या सप्टेंबरात उठली, कणीवरची २०२५ च्या मार्चमध्ये.

कांद्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, तुमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी, मे २०२४ ला उठली. फक्त एवढंच सांगतो की डिसेंबरात शेतकऱ्याकडे असतो तो लाल कांदा, तो उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. बंदी नेमकी तेव्हा आली. हे कुठल्याच बातमीत मला सापडलं नाही.

तूर मात्र सांगतो, कारण ती माझ्या वहीत आहे. २०१४ आणि २०१५ लागोपाठ पावसाने ओढ दिली, तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली. सरकारने शेतकऱ्यांना सांगितलं तूर लावा, परदेशाशीही करार केले, २०१६ मध्ये मोझांबिकशी झाला. शेतकऱ्याने ऐकलं, पाऊसही बरा झाला, तूर उदंड झाली. आणि मग २०१७ च्या एप्रिलमध्ये काय झालं? खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, दिवस दिवस मुक्काम, आणि आत खरेदी बंद कारण बारदाना नाही. पोती नाहीत म्हणून तूर घेता येत नाही! डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती ती तुरीसाठी उठली सप्टेंबर २०१७ मध्ये, तोवर शेतकऱ्याने मातीमोल भावात विकून मोकळं व्हायचं ते झालं होतं. पुढे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली, मुदत संपत आली की वाढवत आले. आमच्याकडे मोझांबिकची, टांझानियाची, म्यानमारची तूर येते, दाणा बघून ओळखता येतो, मला त्या देशांच्या शेतकऱ्यांबद्दल काही तक्रार नाही, तेही आपल्यासारखेच कोरडवाहू. माझं म्हणणं एवढंच की ज्याने बीड-जालन्यात जूनमध्ये तूर पेरायचीये त्याला जानेवारीत आयातीचं काय होणारे ते जूनमध्ये कळलं पाहिजे.

खताचंही तसंच. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली, नोव्हेंबरात मागे घेतलं, पण मधल्या हंगामात भाताचं पीक बसलं, चहाला फटका बसला आणि ज्या देशाला तांदूळ पुरत होता त्याला तो आयात करावा लागला. सेंद्रिय शेती चांगली असेल, मी विरोधात नाही, पण सहा महिन्यांत माती बदलत नाही. आपल्याकडेही पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरूनच येतं, डीएपी खतासाठीही बाहेर बघावं लागतं, चीनने निर्यात आवळली की इथे कृषी केंद्रावर पहाटेपासून चपलांच्या रांगा.

आणि सुदान. हे वाचताना मला खरंच रात्री झोप लागली नाही. निळी आणि पांढरी नाईल जिथे भेटतात त्याच्या दक्षिणेला गेझिरा म्हणून प्रदेश आहे, कालव्याची शेती, जगातल्या सगळ्यात मोठ्या सिंचन योजनांपैकी एक. पाणी आहे, जमीन आहे. एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापतींच्या फौजा एकमेकांशी भिडल्या, डिसेंबरात लढाई गेझिरात पोचली, शेतकरी पळाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये देशाच्या पश्चिमेला दारफूरमध्ये झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तिथे ढगांनी काय बिघडवलं होतं?

जगात वर्षाला २८० कोटी टनांच्या आसपास धान्य पिकतं. माणशी वाटलं तर दिवसाला जवळपास एक किलो येतं. त्यातलं भरपूर जनावरांना जातं, अमेरिकेत मक्याचा मोठा हिस्सा गाड्यांच्या इथेनॉलला जातो, आणि संयुक्त राष्ट्रांच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न घरात, हॉटेलात, दुकानात वाया गेलं. तरी २०२४ मध्ये ६७ कोटी माणसं उपाशी होती. इथे यार्डात हमाल पंचायतीच्या कष्टाची भाकर केंद्रात दुपारी ताट वाढून घेणारा हमाल एक कण टाकत नाही, ते मी रोज बघतो, म्हणून लग्नाच्या हॉलमागचे ड्रम बघितले की जीव तुटतो.

तर संपादक साहेब, माझी मागणी अगदी छोटी आहे. बाजारभावाच्या तक्त्याखाली रोज दोन इंच जागा द्या. त्यात कुठल्या मालावर आयात-निर्यात शुल्क किती आहे, कुठली मुदत कधी संपतीये, स्टॉक लिमिट म्हणजे साठ्यावर मर्यादा लागलीये का, खडकवासला धरणसाखळीत पाणी किती आणि पुढचं आवर्तन कधी, खताची रेल्वे रेक कुठल्या तारखेला लागणार, एवढं छापा. सगळी माहिती सरकारी अधिसूचनांमध्ये असते, इंग्रजीत असते आणि गावात पोचत नाही. तुमचा पेपर मात्र पोचतो, माझ्या मेहुण्याच्या गावात सकाळच्या एसटीने येतो आणि चहाच्या टपरीवर दहा जण वाचतात. मे महिन्यात सुरू केलंत तर खरिपाच्या पेरणीआधी त्यांच्या हातात पडेल, बियाणं त्याच सुमारास घेतात सगळे.

कळावे,
आपला एक वाचक,
बिबवेवाडी, पुणे